भावाला किडनी द्यायला निघाले आणि अँटीबॉडी माझ्याच रक्तात निघाली

टाइप वन डायबेटिसवाल्या माणसाच्या किडन्या गेल्या की घरात पहिली नजर जाते ती सख्ख्या भावंडांवर. आमच्याकडेही तेच झालं. धाकटा भाऊ दहा वर्षांचा असताना इन्सुलिनवर गेला आणि तिशीत डायालिसिसवर. वडील नाहीत, आई अठ्ठावन्नची. म्हणजे मीच देणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीसुद्धा. पुढे काय झालं ते सविस्तर लिहितेय. दात्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने बनवलेली प्रथिनं, हा विषय त्याआधी आमच्या कानावरून कधी गेलाच नव्हता, आणि मराठीत शोधायला गेले तेव्हा धड काही सापडलं नव्हतं.

आम्ही बेळगावचे, वडगावातले. वडील मागावर विणकाम करायचे. भावाला साखर निघाली तेव्हा घरात फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद करून आई ती माठाच्या गार पाण्यात सोडायची आणि माठ ओल्या वाळूवर ठेवायची. गल्लीतली माणसं म्हणायची, कुंदा (आमच्याकडची खव्याची मिठाई) जास्त खाऊ घातला असणार पोराला. त्या बोलण्याने आई कितीदा रडली असेल. कुंद्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी परक्या समजून मारून टाकते. हे आम्हाला नीट समजावून सांगणारा डॉक्टर बऱ्याच वर्षांनी भेटला.

डायालिसिस बेळगावातच चालू होतं, आठवड्यातून तीनदा. पण किडनीइतकीच आम्हाला दुसऱ्या एका गोष्टीची धास्ती होती. पूर्वी साखर उतरली की त्याला घाम यायचा, हात थरथरायचे, तो खिशातली ग्लुकोजची पुडी फोडायचा. इतक्या वर्षांनी त्या खुणा बंद झाल्या होत्या. बोलता बोलता तो गप्प व्हायचा, डोळे उघडे, आणि साखर मोजायच्या यंत्रात आकडा ३८. म्हणून किडनीबरोबर पॅन्क्रियाजचाही, म्हणजे नवीन स्वादुपिंडाचाही, विचार करा, असं त्याच्या डॉक्टरांनी सुचवलं आणि आम्ही पुण्याचा रस्ता धरला.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, मेंदूमृत दात्याकडून किडनी आणि पॅन्क्रियाज दोन्ही एकदम घ्यायचे. जगातली पहिली पॅन्क्रियाज शस्त्रक्रिया अशीच जोडीने झाली होती, १७ डिसेंबर १९६६ ला, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात. दुसरी वाट, किडनी घरच्या माणसाने आधी द्यायची आणि पॅन्क्रियाज मागाहून मृत दात्याकडून मिळेल तेव्हा. डायालिसिसवर जितका काळ जातो तितकं हृदय आणि रक्तवाहिन्या खचत जातात, म्हणून डॉक्टरांचा कल दुसऱ्या वाटेकडे होता. रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड काढत नाहीत हेही तेव्हाच कळलं. ते पाचकरसाचं काम करतच असतं. नवीन पॅन्क्रियाज बहुधा पोटात उजव्या बाजूला खाली बसवतात.

आम्ही कर्नाटकातले, उपचार महाराष्ट्रात, मग मृत दात्याच्या अवयवासाठीच्या यादीत नाव लागेल का ही भीती होती. पूर्वी काही राज्यं रहिवासाचा दाखला मागायची. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती अट काढून टाकायला सांगितलं, त्यामुळे तो प्रश्न सुटला. कागदपत्रांचा मात्र सुटला नाही. आई, वडील, मुलं, नवरा-बायको, सख्खी भावंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक, पण नातं सिद्ध करावं लागतं. आमचं रेशनकार्ड कन्नडमध्ये, भावाचा शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजी-कन्नड, माझं लग्नानंतरचं नाव वेगळं. वडिलांचं मारुती हे नाव इंग्रजीत एका कागदावर नुसत्या टीने आणि दुसऱ्यावर टीएचने. तेवढ्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करा, कन्नड कागदांचं भाषांतर करून नोटरीचा शिक्का घ्या, तहसीलदाराकडून रहिवासाची खातरजमा आणा. सीमाभागातल्या कुणाला ही वाट धरायची असेल तर तपासण्यांच्या आधी कागदांना हात घाला, एवढंच सांगेन.

तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळला. क्रॉसमॅच, म्हणजे भावाचं रक्त माझ्या पेशींवर उठतं का ते बघणारी चाचणी, चांगला आला. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवली, किडनी किती काम करते ते बघायला डीटीपीए स्कॅन झाला, रक्तवाहिन्यांचा सीटी झाला. समाजसेविकेने मला एकटीला खोलीत बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का, सासरी माहीत आहे का, नाही म्हणावंसं वाटलं तर आम्ही वैद्यकीय कारण देऊन तुम्हाला मोकळं करू. ते ऐकून मला त्या बाईंविषयी फार आदर वाटला. दबाव कसलाच नव्हता. नवऱ्याने तर माझ्या आधी सही केली होती.

मग एचएलएचा रिपोर्ट आला. एचएलए म्हणजे आपलं कोण, परकं कोण हे शरीराला ओळखायला लावणारी जनुकं. ती सहाव्या गुणसूत्रावर असतात, अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून येतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आमचं पूर्ण जुळलं होतं. किडनीचे डॉक्टर खूश झाले. असा दाता म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा धोका कमीत कमी. मी तिथूनच आईला फोन केला.

त्याच दुपारी मधुमेहाच्या डॉक्टर मॅडमनी तोच कागद वाचला आणि त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या भावाला ज्या जनुकांमुळे हा आजार व्हायची शक्यता वाढली, त्यातली सगळ्यात वजनदार जनुकं याच भागात असतात. तुमचं सगळं जुळतं म्हणजे तीही जुळतात." टाइप वनच्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला तो आजार होण्याची शक्यता शंभरात पाच-सहाच्या आसपास धरतात. एचएलए पूर्ण जुळत असेल तर त्याहून जास्त. माझी साखर आज नॉर्मल आहे एवढ्यावर त्या थांबायला तयार नव्हत्या. उद्याचं काही दिसतंय का, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी अँटीबॉडी.

किडनीसाठी जे उत्तम, तेच माझ्या बाबतीत संशयाचं कारण ठरावं, हे पचवायला मला वेळ लागला. सगळ्या प्रक्रियेत मला महत्त्वाचा वाटतो तो हाच टप्पा. टाइप वनच्या घरातला दाता हा इतर दात्यांसारखा नसतो. नेहमीच्या यादीतल्या सगळ्या तपासण्यांत तो उत्तीर्ण होईल आणि तरी त्याच्या रक्तात काहीतरी लिहिलेलं असेल.

तपासायच्या अँटीबॉडी मुख्यतः चार. गॅड-६५, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिनविरुद्धची. यातली शेवटची भावासारख्या, आधीच इन्सुलिन घेणाऱ्या माणसात बघून उपयोग नाही, कारण बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही ती तयार होते. माझ्या बाबतीत चारही बघता येत होत्या. रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेलं. भावाचंही घेतलं. पॅन्क्रियाज बसवण्याआधी त्याच्या अँटीबॉडींची नोंद हवी, असं मॅडम म्हणाल्या. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी शाळेत होते, मधली सुट्टी होती. आयए-टू निगेटिव्ह. झिंक निगेटिव्ह. इन्सुलिनची निगेटिव्ह. गॅड पॉझिटिव्ह, मर्यादा १०, माझा आकडा २३. ठळक अक्षरात, शेजारी बाण. पुढचा तास मी घेतला, पण काय शिकवलं ते विचारू नका.

मॅडमनी आधी चाचणी पुन्हा करायला लावली. एका रिपोर्टवर कुणाला दाता म्हणून बाद करायचं नाही आणि पुढेही ढकलायचं नाही, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. दुसऱ्यांदाही गॅड तितकीच आली. मग त्यांनी मला विचारलं, थायरॉइडची गोळी कधीपासून घेता? मी थोरलीच्या बाळंतपणापासून घेतेय. माझा थायरॉइडचा आजारही याच जातीचा, संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर उठण्याचा. अशा लोकांत गॅड अँटीबॉडी डायबेटिस नसतानाही सापडते. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.४. ग्लुकोज पिऊन केलेल्या चाचणीत उपाशीपोटी ८८, दोन तासांनी ११२. म्हणजे आजमितीला मला काहीही झालेलं नव्हतं.

"मग अँटीबॉडी करते तरी काय?" मी विचारलं. त्या हसल्या नाहीत, घाईही केली नाही. म्हणाल्या, "तांदळाच्या पोत्याला उंदीर लागला की खाली दाणे सांडलेले दिसतात. दाणे काही पोतं कुरतडत नाहीत. अँटीबॉडी म्हणजे ते दाणे. कुरतडणाऱ्या असतात संरक्षण यंत्रणेतल्या टी पेशी, आणि त्या साध्या रक्तचाचणीत दिसत नाहीत." म्हणून किती दाणे यापेक्षा किती प्रकारच्या अँटीबॉडी हे जास्त महत्त्वाचं. फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये धोक्यातल्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. दोन किंवा जास्त अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी शंभरात साधारण सत्तर मुलांना दहा वर्षांत डायबेटिस झाला. एकच असलेल्यांपैकी शंभरात साधारण पंधरांना. हे आकडे मुलांचे. मोठ्या माणसात हे सगळं बरंच हळू चालतं.

मला वाटलं, मग झालं की. एकच अँटीबॉडी, तीही थायरॉइडमुळे असेल, वय छत्तीस. मी हट्टाला पेटले. पण टीममधल्या डॉक्टरांनी एकत्र बसून नाही सांगितलं. त्यांचा विचार असा की दोन किडन्या असलेल्या बाईला पुढे डायबेटिस झाला तर सांभाळता येईल. एक किडनी दिलेल्या, अजून चाळीस वर्षं जगायचं असलेल्या बाईला तो झाला, तर तिच्याकडे राखीव काही नाही. भावाला किडनी दिलेली बहीण उद्या त्याच खुर्चीत डायालिसिसला बसली तर ते आमचं अपयश, असं किडनीचे डॉक्टर म्हणाले. त्यावर बोलायला मला काही सुचलं नाही.

भावाने मात्र लगेच निकाल दिला. "अक्का, तुला सुया टोचायला लावून मिळणारी किडनी मला नको. तू मागं हो." आणि मागे बसलेली आई म्हणाली, "माझं बघा की. मला दोन हाईत नव्हं?"

आई अर्धी जुळत होती, आई म्हटल्यावर तेवढं जुळतंच. सगळ्या तपासण्या परत पहिल्यापासून. या वेळी अँटीबॉडी आम्हीच आधी करायला सांगितल्या. चारही निगेटिव्ह, साखर नॉर्मल, रक्तदाब चांगला. ज्या बाईने माठात इन्सुलिन ठेवून पोराला वाढवलं तिच्या दोन्ही किडन्यांचं काम तिच्या वयाच्या मानाने उत्तम निघालं. शस्त्रक्रियेचं लांबण लावत नाही. दोघंही नीट बाहेर आले, भावाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, आता १.३ च्या आसपास असतं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलेली स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधं साखर चढवतात, त्यामुळे त्याचं इन्सुलिन वाढलं. साखर न कळता उतरायची भीती आहे तशीच आहे.

आई वॉर्डात असताना मी मॅडमना अजून एक गोष्ट विचारली. किडनी नाही तर नाही, पॅन्क्रियाजचा अर्धा तुकडा जिवंत माणूस देऊ शकतो असं मी वाचलं होतं. त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. मिनेसोटातच १९७९ पासून अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यात काही जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या, एकाला टाइप वन, दुसरा धडधाकट. जुळ्याचा अवयव शरीर नाकारत नाही, म्हणून औषधं फारशी दिली नाहीत. अवयव नाकारला गेला नाहीच, पण डायबेटिस परत आला. नव्या तुकड्यातल्या नेमक्या बीटा पेशी तेवढ्या मारल्या गेल्या. हल्ला करणारी यंत्रणा घेणाऱ्याच्या शरीरात इतकी वर्षं टपून बसलेली असते, हे जगाला त्यातून कळलं. आणि अर्धा पॅन्क्रियाज दिलेल्यांपैकी काहींना पुढे स्वतःला साखर झाली, म्हणून अशा दात्यांच्या अटी कडक झाल्या. माझ्यासारखीला तिथे दारातूनच परत पाठवलं असतं.

मग माझ्या मनात आलं ते विचारून टाकलं. "उद्या मीच मेंदूमृत झाले आणि माझा पॅन्क्रियाज कुणाला दिला, तर त्याला माझी अँटीबॉडी बाधेल का? भावाला जो मिळेल त्याच्या दात्याचं कोण तपासणार?"

उत्तर सरळ होतं. मृत दात्याच्या या अँटीबॉडी शस्त्रक्रियेआधी सहसा बघत नाहीत. पॅन्क्रियाज बाहेर काढल्यापासून साधारण बारा तासांच्या आत बसलेला बरा, आणि हा रिपोर्ट हातात यायला त्याहून जास्त वेळ जातो. दात्याचं वय, वजन, साखर, तीन महिन्यांची सरासरी, अमायलेज-लायपेज (स्वादुपिंडातल्या पाचकरसांचे रक्तातले आकडे) आणि सर्जनला डोळ्यांनी दिसणारी ग्रंथीवरची चरबी, निर्णय यावर होतो. सुरुवातीला पॅन्क्रियाज वाया जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी झाल्याने.

आणि दात्याला अँटीबॉडी असलीच तर? त्यावर बेल्जियमच्या संशोधकांचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम त्यांनी सांगितलं. डायबेटिस नसलेल्या १५०७ प्रौढ दात्यांचं रक्त तपासलं, ६२ जणांत अँटीबॉडी सापडल्या. त्या ६२ जणांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा बीटा पेशींच्या बेटांवर प्रत्यक्ष हल्ला फक्त दोघांत दिसला, आणि त्या दोघांतही एकाहून जास्त अँटीबॉडी होत्या. म्हणजे एकट्या गॅडवाल्या दात्याचं स्वादुपिंड बहुधा शाबूत असतं. अनेक अँटीबॉडीवाल्याचं मात्र आतून आधीच पोखरायला लागलेलं असू शकतं, घेणाऱ्याला कमी बीटा पेशी मिळतील. अवयवासोबत दात्याच्या थोड्या पेशी जातात, पण पॅन्क्रियाजला चिकटून आलेली दात्याची प्लीहा वेगळी करतात, आणि घेणाऱ्याला टी पेशी दाबणारी औषधं चालूच असतात. त्यांच्या मते भावाने दात्याच्या रक्तापेक्षा स्वतःच्या रक्ताची जास्त काळजी करावी.

त्याचा रिपोर्ट तेव्हा त्यांनी काढून दाखवला. वीस वर्षांनंतरही त्याच्यात गॅड पॉझिटिव्ह होती. सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य, म्हणजे स्वतःचं इन्सुलिन नाहीच. अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी किडनी-पॅन्क्रियाज बसवलेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात शंभरात सहा ते आठ जणांना औषधं चालू असतानाही टाइप वन परत आला. बऱ्याचदा आधी अँटीबॉडी वाढल्या किंवा नव्याने उगवल्या, मग साखर चढली. हे ओळखायला सोपं नाही. साखर चढली की पहिला संशय अवयव नाकारला जातोय असा येतो आणि स्टिरॉइडचे मोठे डोस चालू होतात. पण आजार परतला असेल तर लायपेज नॉर्मल राहू शकतं, कारण मरतात त्या फक्त बीटा पेशी. आधीचा आकडा नोंदलेला असेल तरच वाढ झाली हे कळणार. रक्त का घेतलं होतं ते मला त्या दिवशी उमगलं.

हे सगळं भावाला मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि वही मागितली. पॅन्क्रियाज बसवल्यावर साखर चढली तर बायोप्सीसोबत अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड बघावं, आधीचे आकडे सोबत जोडले आहेत, असं त्याने मराठीत लिहिलं. मॅडमनी खाली इंग्रजीत दोन ओळी घालून सही केली, कोऑर्डिनेटरने कागद फाइलला लावला.

माझी वर्षातून एकदा साखरेची चाचणी असते. गॅड परत परत करत बसू नका, साखर बघा, असं मला सांगितलंय. माझ्या दोन मुलींच्या अँटीबॉडी करायच्या का, यावर घरात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो करू, मला वाटतं थोडं थांबावं. तोवर खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी साखर बघायची, हे मुलींच्या शाळेतही मी सांगून ठेवलंय.

भावाचं नाव यादीत लागलंय. बेळगावहून पुण्याला रस्त्याने सहा-सात तास लागतात, पावसात जास्त, आणि फोन आल्यावर त्या बारा तासांतले निम्मे निपाणी, कोल्हापूर, सातारा करण्यात घालवणं परवडणारं नाही. म्हणून तो पुण्यात कात्रजला मावशीकडे राहायला गेलाय. तिथूनच लॅपटॉपवर हिशेबाचं काम करतो. मावशीच्या घरातल्या सगळ्यांना ग्लुकागॉनचं, म्हणजे एकदम उतरलेली साखर वर आणणारं, इंजेक्शन कसं द्यायचं ते आई स्वतः जाऊन शिकवून आलीय.